नंदीचं मोडलेलं शिंग

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी नंदीच्या पोळ्याला, कॉलनीच्या मंदिरात नंदी सजवायची स्पर्धा होती. आम्ही दोघांनी दोन दिवस बसून झूल शिवली, शिंगांना बेगड लावली. बक्षीस समोरच्या घरातल्या मुलीला मिळालं. यानं सगळ्यांसमोर नंदी फरशीवर आपटला, एक शिंग तुटलं. तेव्हापासून काहीही करायला सांगा, करून पाहण्याआधीच "मले नाही येत" हे ठरलेलं उत्तर. सायकल बंद, चित्रं बंद. आजीशी कॅरम खेळतो, पण आजी हरणार असेल तरच. बालवाडीत सगळे त्याला हुशार म्हणायचे, त्यामुळे आम्हाला हे नवीनच आहे. पालकसभेत बाई म्हणाल्या, मुलांना मनाची ताकद समजावून सांगा. म्हणून मी रोज रात्री शूर मुलांच्या गोष्टी सांगायला लागले. चौथ्या रात्री त्यानं विचारलं, "मग मी कमजोर आहे का?" मला काही सुचलं नाही. याचे बाबा म्हणतात, हरू दे, पडू दे, आपोआप घट्ट होईल. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला कशाला रडवता, जिंकू द्या. मी दुसरा नंदी आणून ठेवला, त्याला तो हातही लावत नाही. मनाची ताकद म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलाला कसं समजवायचं?
— एक आई

उत्तर : जुना नंदी कुठे आहे? पत्र दोनदा वाचलं, त्याचा पत्ता लागला नाही. फेकला नसाल अशी आशा करते, कारण आपलं बरंचसं काम त्यालाच करायचं आहे. त्याच्याकडे नंतर येते.

आधी लेकाच्या प्रश्नाचं बघू. त्यानं गोष्टी नीट ऐकल्या, म्हणून तो प्रश्न पडला. शूर मुलाच्या गोष्टीत एक शूर असतो आणि बाकीचे नुसते उभे असतात. आपण कुठे उभे आहोत, हे त्यानं पाहिलं. सहा वर्षांच्या पोराला ताकद म्हणजे दंडातली बेटकुळी कळते. मनाची ताकद म्हटलं की मन म्हणजे काय इथपासून सुरुवात. त्यात ती दुसऱ्याकडे आहे असं सांगितलं की आपल्याकडे नाही एवढंच त्याच्या हाती लागतं. गोष्टी बंद करा असं नाही, पण महिनाभर त्यांना सुटी द्या. आणि आज रात्री त्याला एवढंच म्हणा, "कमजोर नाहीस तू. तुला त्या दिवशी खूप वाईट वाटलं होतं. मला पण वाटलं होतं, झूल मीच शिवली होती ना." आणि तिथे थांबा. त्याला जोडून उपदेश नको.

हे मी मोठ्या शहाणपणातून लिहीत नाही. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, त्यातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली एक चूक अजून आठवते. जून महिना, नवीन पोट्टे, सगळा वर्ग भोकाड पसरून बसलेला. एक किरकोळ मुलगा दाराला धरून रडत होता. मी त्याला म्हटलं, "तू तर वाघ आहेस. वाघ रडतो का?" तो गप्प झाला. मला वाटलं, जमलं बाप्पा. पुढे पावसाळ्यात तो तीन दिवस कानाला हात लावून बसून होता. विचारलं की मान हलवायचा. चौथ्या दिवशी कानातून पू आला तेव्हा कळलं. त्याची आई म्हणाली, घरीसुद्धा बोलला नाही, म्हणे बाईंनी सांगितलं आहे वाघ रडत नाही. कान बरा झाला. मी मात्र त्यानंतर वर्गात एकाही मुलाला वाघ केलं नाही.

तुमच्या पत्रात 'ताकद' हा शब्द आहे. मला त्यापेक्षा आपला जुना 'धीर' आवडतो. ताकद ज्याची त्याच्यापाशी असते. धीर मात्र देता येतो. आपण म्हणतोच, शेजारणीनं धीर दिला, मामाचा धीर वाटला. आधी कोणीतरी देतो, मग तो धरायचा असतो. मुलांचंही तसंच चालतं. आतलं बळ म्हणतात ते सुरुवातीला बाहेरूनच येतं, एका ठरावीक माणसाकडून.

याला पुरावाही आहे, मास्तरणीचं नुसतं मत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी मुलं चाळिशीला येईपर्यंत माग ठेवला. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण किंवा दारू, असं एकावर एक आलेलं होतं. त्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं चांगली सावरलेली, जबाबदार माणसं झाली. अशा मुलांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसणारी एक गोष्ट म्हणजे लहानपणापासून पाठीशी असलेलं निदान एक भरवशाचं मोठं माणूस. ते आईवडीलच असतील असं नाही. कुठे आजी होती, कुठे मावशी, शेजारीण, शिक्षिका. तुमच्या घरात अशी तीन माणसं आहेत आणि तिघं तीन दिशांना ओढून राहिलीत, म्हणून पोरगं मध्ये उभं आहे.

आता बाबा बरोबर की आजी? याचं उत्तर मी बागेत शिकले. माझे वडील काटोलकडचे संत्र्याचे बागायतदार. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं, याला ताण देणं म्हणतात. झाड वाढ थांबवून आत काहीतरी साठवतं आणि पाणी मिळालं की पालवीबरोबर फुलं घेऊन फुटतं. पण ताण किती द्यायचा, यात सगळं कसब. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याच्या दुपटीपर्यंत. वडील कॅलेंडरपेक्षा पानांकडे बघत. पानं फिकी पडली, मलूल झाली, थोडी गळायला लागली की म्हणायचे, बसला ताण. मग पाटानं धो धो पाणी सोडायचं नाही. आधी आंबवणीचं हलकं पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचं, मग नेहमीचं. एका वर्षी ते आजारी पडले आणि ताण तोडायला उशीर झाला. मुरमाड तुकड्यातल्या झाडांचे शेंडेच वाळत आले. ती झाडं सावरायला दोन वर्षं गेली. आणि एका नातेवाइकांच्या बागेत बारमाही पाणी, तिथे नुसती पालवीच पालवी, फूल धड नाही.

तुमच्या घरी बाबांकडे ताण आहे आणि आजीकडे पाणी आहे. दोघं एकमेकांना विचारून देत नाहीत, एवढीच अडचण. शिवाय जमीन सगळ्यांची सारखी नसते. एकाच आईची दोन मुलं, एकाला रागावलं तर हसतो, दुसरा चार दिवस जेवत नाही. बाबांना म्हणावं, तुमची जमीन भारी असेल, लेकाची हलकी आहे. आत्ता त्याची पानं गळायला लागली आहेत. दिवाळीपर्यंत कुठलीही स्पर्धा नको.

मग कॅरमचं काय? आजीनं खोटं खोटं हरायचं थांबवावं. मुलांना ते कळतं, आणि कळलं की त्यातून भलताच अर्थ निघतो: मी खरा खेळलो तर हरणारच, म्हणून आजी हरते. त्यापेक्षा खेळ उघड उघड सोपा करा. आजी डाव्या हातानं खेळेल. किंवा त्याच्या तीन सोंगट्या आधीच घेतलेल्या धरायच्या. हे दोघांनी बोलून ठरवायचं. मग जो जिंकेल तो खरा. आणि आजी हरली की गप्प हरू नये, मोठ्यानं हरावं. "हरले गं बाई! ती राणी हातात आली होती माझ्या. थांब, चहा टाकते, मग परत मांड." हरल्यावर माणूस काय करतं, हे त्या पोरानं कुठे पाहिलं आहे? घरातले मोठे त्याच्यासमोर हरतच नाहीत. बाबांची गाडी सिग्नलला बंद पडली, तुमची पोळी करपली, हे त्याच्यासमोर बोललं तर चालतं. चिडलात तर चिडलेलं दिसू द्या, मग शांत झालेलंही दिसेल.

"मले नाही येत" याला आपण सगळे घाईनं "येतं रे तुला!" म्हणतो. झालं वादाला सुरुवात. तो नाही म्हणणार, तुम्ही हो म्हणणार. मी वर्गात विचारायचे, "कुठपर्यंत येतं?" या प्रश्नाला नाही म्हणून उत्तर देता येत नाही. सायकलवर बसता येतं? येतं. पायडल मारता येतं? येतं, पण बाबांनी सोडलं की पडतो. बस, म्हणजे सोडण्यापर्यंत येतं. उद्या तिथून सुरू करू. सायकल येत नाही हे डोंगराएवढं असतं, बाबांनी सीटचा हात सोडण्याचा क्षण तेवढा मोठा नसतो. त्या क्षणाचं काय करायचं, हे बाबांना नक्की जमेल. पडू दे म्हणणाऱ्या माणसाला सीट धरून पळायचं काम द्यावं.

'हुशार'बद्दलही लिहायला हवं, कारण ते तुम्ही सहज लिहून गेलात. 1998 साली अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. पुढे कुठली कोडी हवीत विचारल्यावर हुशार म्हटलेल्यांतली बरीच मुलं सोप्या कोड्यांकडे वळली, आणि अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची कामगिरी मेहनतीचं कौतुक झालेल्या मुलांपेक्षा घसरली. साहजिक आहे. एकदा हुशार झालो की ती पदवी सांभाळावी लागते, आणि सांभाळायचा सोपा उपाय म्हणजे खेळायचंच नाही. तुमच्या लेकानं तोच धरला आहे. एका अर्थी डोकं चालवलं आहे पठ्ठ्यानं. तेव्हा 'हुशार' हा शब्द थोडे दिवस फडताळात ठेवा. केलेलं काय दिसलं ते बोला: "झुलीची कड तू एकट्यानं चिकटवली होतीस."

आता नंदी. दुसरा आणलात ते प्रेमानं, पण तो त्याला हात का लावेल? तो त्याचा नाहीच. जुना बाहेर काढा. रात्री तो झोपल्यावर गुपचूप शिंग चिकटवून ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. सुटीच्या दिवशी दोघं खाली बसा. तुटलेल्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं त्यालाच घासू द्या. फेविकॉल लावा, शिंग दाबून धरा, वरून दोरा गुंडाळा. बोटं चिकटणाऱ्या त्या झटपट ट्यूबा नकोत. एक तर लहान मुलाच्या हातात त्या देऊ नयेत, आणि दुसरं म्हणजे इथे वेळ लागायलाच हवा. रात्रभर हात लावायचा नाही. तो दर दहा मिनिटांनी बघून येईल. येऊ द्या. सकाळी दोरा सोडल्यावर सांधा दिसेल, शिंग कदाचित जरा वाकडंही बसेल. बेगड लावून ते झाकायचं की तसंच ठेवायचं, हे त्याला ठरवू द्या. शिंग पुन्हा निघालं तर पुन्हा लावा. माझ्या भाच्याच्या नंदीचा पाय आम्ही तीनदा जोडला आहे. तरी पुढच्या वर्षी तो घेऊन पोरगं घरोघर फिरलं, आणि बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या मुलांना देतात ते पैसे-खाऊ, काही कोणी कमी दिला नाही.

हे करताना बोलणं निघालं तर तो आपटल्याचा विषयही निघेल. "राग आला तर चालतो, नंदी आपटलेला चालत नाही" एवढं एकच वाक्य पुरे. आमच्याकडे एक आजी मुलांना सांगायच्या, राग आला की मनातल्या मनात म्हण, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. मारबत म्हणजे तान्ह्या पोळ्याला नागपुरात मिरवत नेऊन जाळतात तो पुतळा. गमतीचं आहे, मुलांना आवडतंही, करून बघा. फक्त एकदा जाळली की गेली असं सांगू नका. काळी मारबत 1881 पासून निघते आहे असं सांगतात. दर वर्षी जाळतो आणि दर वर्षी नव्यानं बांधतो, इतकी वर्षं. सहा वर्षांच्या मुलाचा राग एका भाद्रपदात कसा संपेल?

प्रश्न : पाच ते आठ वर्षांच्या मुलांना आत्मविश्वास आणि कणखरपणा शिकवणारं दोन दिवसांचं शिबिर आमच्याकडे आहे. फी बरीच आहे. पाठवावं का?
— एक बाबा, प्रतापनगर

उत्तर : मजा येत असेल तर पाठवा, खेळतील बिचारे. कणखरपणासाठी म्हणाल तर त्या पैशात दोन माणसांचं रामटेक होतं. पायऱ्या चढायला लावा, मध्येच दमला तर त्याच्याबरोबर बसा, उचलून घेऊ नका. माकडांपासून डबा सांभाळायची जबाबदारी त्याची.

प्रश्न : ताई, आमचं घर नाग नदीच्या जवळ आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा नात पाच वर्षांची होती. मी तिला खांद्यावर घेऊन शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेलो. आता ती मोठी झाली, अभ्यासात चांगली आहे. पण रात्री गडगडलं की उठते, दप्तर उचलून कपाटावर ठेवते आणि खिडकीशी बसते. मी म्हणतो, काही होत नाही, झोप. ती म्हणते, "आबा, तेव्हा पण तुम्ही असंच म्हटलं होतं." तिला खंबीर कसं करू?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, ती खरं बोलते आहे. त्या रात्री चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि झोपेतल्या वस्त्यांत पाणी आलं. काही होत नाही असं त्या रात्री नागपुरात हजारो लोक म्हणाले असतील. ते वाक्य आता तुमच्या घरात चालणार नाही. त्याऐवजी "मी जागा आहे" असं म्हणा. ते तुम्हाला पाळता येईल.

वरच्या पत्रातला मुलगा आणि तुमची नात, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. त्याला थोडा ताण मोजून द्यायचा आहे. तुमच्या नातीला पुरेसा मिळून गेला आहे, तिच्या बाबतीत घट्ट करण्याची भाषा नको. पण एक गोष्ट बघा, दप्तर कपाटावर ठेवणं हे भेदरलेल्या मुलीचं काम नाही. पाणी आलं तर काय भिजेल याचा तिनं विचार केला आहे. तिला वेडेपणा म्हणून थांबवू नका, उलट ते काम रात्रीतून दिवसा आणा. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोघं मिळून माळ्यावर एक पिशवी ठेवा. टॉर्च, रेशन कार्ड, तिची वह्यापुस्तकं. टॉर्चचे सेल तपासायचं काम तिचं. कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं तर वर जायचं, तिथे तिच्या हातानं खडूची खूण करा. म्हणजे गडगडलं की खिडकीशी बसायचं कारण उरत नाही, खूण बघून परत येता येतं.

आणि त्या पहाटेची गोष्ट तिला पूर्ण सांगा. मुलांच्या मनात अशी गोष्ट मध्येच अडकून बसते, पाणी चढतंय तिथेच. पुढचंही सांगा. शेजाऱ्यांनी दार कसं उघडलं, कोणी कोरडा फ्रॉक दिला, सकाळी चहाबरोबर काय खाल्लं, गाळ किती दिवस काढला, कुठली गादी फेकली आणि कुठली वाळवली. तिला आठवतं ते तिला सांगू द्या, चुकलं तरी मध्ये दुरुस्त करू नका. हे एकदा सांगून होत नाही. ती परत विचारेल, परत सांगायचं.

एवढं करूनही झोप उडालेलीच राहिली, अंथरूण ओलं होऊ लागलं, किंवा पावसात शाळेत जायला नकार द्यायला लागली, तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचाराचा विभाग आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः बोलून बघा, मग तिचं ठरवा.

कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. त्या रात्री तुम्ही किती घाबरला होता? अंधारात, वाहत्या पाण्यात, खांद्यावर लेकरू. ती खांद्यावर होती, आबांची छाती कशी धडधडत होती हे तिला माहीत आहे. तुम्ही काहीच बोलत नाही, म्हणून तीही विचारत नाही. तिला सांगा, "मी पण घाबरलो होतो बाई, पण तू मानेला घट्ट धरलं होतंस म्हणून माझे दोन्ही हात कठड्याला मोकळे राहिले." आणि पुढच्या वेळी ती दप्तर वर ठेवायला उठली, की तुमची गोळ्यांची डबीही तिच्या हातात द्या, दप्तराशेजारी ठेवायला.